आईच्या वाटणीचं पाणी

चिकटपट्टी सुटताना आवाज होतोच — चर्र — कितीही हळू ओढली तरी. म्हणून तिनं आधी नळ मोठा सोडला, बादलीत धार पडू दिली आणि मग पट्टी ओढली. दाराबाहेर भावजय कुणाला तरी हसत सांगत होती, "ताईंची आंघोळ म्हणजे विचारू नका! पाण्यातच जन्म गेलाय ना." खरंच होतं ते. हनुवटीखाली दोन बोटं धरून तिनं किती पोरांना तरंगायला शिकवलं होतं... आणि त्या गर्भाशयाच्या ऑपरेशनपासून ती पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून नुसती शिट्टी वाजवत होती. पाठ धरते, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पाठ — शरीरातला सगळ्यात अब्रूदार भाग.

नवा डायपर नेसून — नेसून? दुसरा शब्द तरी कुठला — तिनं घेरदार काळा कुडता खाली ओढला आणि मान वळवून आरशात मागची बाजू पाहिली. दोन पावलं चालून पाहिलं. सळसळ ऐकू येते का? नाही येत. येते. जुना डायपर घट्ट गुंडाळून तिनं कोपऱ्यातल्या झाकणाच्या डब्यात, आईच्या डायपरांच्या खाली दाबला.

सुट्टीपुरतं भाड्यानं घेतलेलं हे तळ्याकाठचं घर. भाऊ, भावजय, त्यांची मुलगी, भावाचा जुना मित्र आणि चाकाच्या खुर्चीतली आई. आईच्या डायपरबद्दल इथं कुणी कुजबुजत नसे. चहा पिता पिता मोठ्यानं विचारलं जाई, "आईंचं बदललं का?" — कुंडीला पाणी घातलं का, असं विचारावं तसं. आई खिडकीबाहेर बघत राही. तिच्या चेहऱ्यावर काहीही हलत नसे, आणि ते न हलणं ही रोज चोरून बघे. असं होतं तर. आधी लोक हळू बोलतात, मग मोठ्यानं, आणि मग माणूस खिडकीबाहेर बघायला शिकतं.

सकाळच्या चहाच्या वेळी भावजयीनं डायपरचं पाकीट चाचपून पाहिलं. "ताई, हे बघा, परवा तर फोडलं होतं! आईंचं फारच वाढलंय हं. दुपारनंतर त्यांना पाणी देऊच नका."

"अगं, पण उकाडा किती..."

"घोटभर द्या फार तर. निस्तरावं तुम्हालाच लागतं ना सगळं? तुमच्याच जिवाला जरा आराम."

"अशी लेक मिळायला नशीब लागतं," मित्र म्हणाला.  भावाचे डोळे भरून आले होते.

आत्ता. आत्ता सांगावं. त्यातले माझे आहेत — एवढंच तर वाक्य. उडी मारताना विचार करायचा नसतो, हे मीच पोरांना ओरडून सांगत आले... तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात भाचीनं मागून गळ्यात हात टाकले. "आत्या, आज तरी उतर ना गं पाण्यात! काठावरून कसलं शिकवतेस?" सगळे हसले. तीही हसली — पोट हलू न देता, नुसत्या गालांनी. हे हसणं तिनं कमावलेलं होतं.

"तुम्ही व्हा पुढं. मी बसते आईजवळ."

दुपारी घर रिकामं झालं. तळ्यावरून पाणी उडवल्याचे आवाज, किंचाळ्या. आईची जीभ ओठांवरून फिरत होती.

"पाणी."

"देते हं. थोड्या वेळानं."

बोलून गेल्यावर तिला ऐकू आलं. घरात कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं, आणि तरीही हे तिच्या तोंडून निघालं होतं, अगदी सहज, भावजयीच्याच सुरात. ती ताडकन उठली, ग्लास भरून आणला. आई दोन्ही हातांनी धरून प्यायली, गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मग तिनं दाराकडे पाहिलं.

"ती रागावेल," आई हळूच म्हणाली. "मी हल्ली फार ओलं करते ना गं? मला कळतच नाही बघ."

"नाही गं आई. तू नाही..."

"मग?"

आई सरळ तिच्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच — खिडकीकडे नाही, तिच्याकडे. तिनं आईच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला.

"मग काही नाही," ती म्हणाली. "आणखी पी."

तिनं दुसरा ग्लास भरला. आई प्यायली. तिसरा भरताना तिचा हात मध्येच थांबला. आई इतकं प्यायली म्हणजे संध्याकाळी खरंच... म्हणजे मग भावजयीचं म्हणणं खोटं राहणार नाही, आणि आपलं गप्प राहणंही... हा विचार आत्ता आला, की पहिल्या ग्लासाच्या वेळीच होता? आईला तहान होती. होतीच. तिनं ग्लास काठोकाठ भरला, आईच्या ओठांना लावला, तिच्या घशातून उतरणारा एकेक घोट बघत राहिली. हे पाणी आपण कुणासाठी पाजतो आहोत ते तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही याची आता तिला भीतीही वाटेना.