खाली कोण वाचतं?

दिवसभर औषधाच्या दुकानात गोळ्या देणाऱ्या बाईच्या सख्ख्या आत्यानेच रक्तदाबाच्या गोळ्या बंद कराव्यात, म्हणजे कपाळावर हात मारायचीच वेळ. आत्या भोवळ येऊन पडली, तेव्हा हे उघडकीला आलं. हाड वाचलं; पण डॉक्टरांनी बजावलं, की गोळी सुरू केली नाही तर पुढच्या खेपेला भोवळीवर भागणार नाही.

या गोळ्यांनी मूत्रपिंडं वाळतात, असं पांढऱ्या कोटातल्या कुणा माणसाने व्हिडिओत सांगितलं होतं. भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा शहाणा आत्याच्या फोनमध्ये शिरला कसा, हे शोधायला तिने एकेकाला फोन लावले. आत्याला तो काकूने पाठवला होता, काकूला तिच्या विहीणबाईंनी आणि विहीणबाईंना त्यांच्या लेकीने, म्हणजे काकूच्याच सुनेने. खरं कसं वाटलं म्हणून विचारलं, तर जी ती हेच सांगत होती, की परक्याचं कोण ऐकतं, पण हा तर घरातून आलेला. काकूची सून तर गोंधळूनच गेली.

"अहो ताई, तुम्हीच नाही का टाकला भावंडांच्या ग्रुपवर?"

टाकला होता. सगळ्यांनी सावध राहावं म्हणून टाकला, आणि हे साफ खोटं आहे असं खाली वेगळं लिहिलं. व्हिडिओ गावभर गेला, लिहिलेलं तिथेच राहिलं. तिला आधी स्वतःचा संताप आला, मग सगळ्यांचा.

तिने जाऊन आत्याला हे सांगितलं.

"खाली कोण वाचतं गं?" आत्या म्हणाली. "औषधवालीने पाठवलाय म्हणून तर सगळ्यांनी मानलं."

तरी गोळी बशीत काढून समोर ठेवल्यावर ती जरा नरमली. मात्र तिची अट होती, की आधी सगळ्यांना कळव, काकूकडून मला आलं की घेते. मी एकटीनेच का वेडं ठरायचं?

भाचीने तिथेच बसून ग्रुपवर सविस्तर लिहिलं, चूक कबूल केली, पुढे पाठवा म्हणून हात जोडले. चहा पिऊन झाला. एका भावाने नुसता अंगठा दाखवला. दुसऱ्याने नव्या पडद्यांचा फोटो टाकला, त्यावर मात्र कौतुकाची झुंबड उडाली. आत्या चष्मा लावून आपला फोन न्याहाळत होती. काकूने काहीच पाठवलं नव्हतं.

"तुझं खरं असतं," बशी बाजूला सारत ती म्हणाली, "तर एव्हाना मला आलं असतं."