पंपाजवळचा पत्रा

खोटं कशाला बोलू, दिवे घाटात गाडी बंद पडली तेव्हा मला आनंद झाला.

गाडी रतनदादांची, जुनी फियाट. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ती रॅलीत पळवली होती. दादा पाटबंधारे खात्यात होते, रजा टाकून यायचे. ते चालवायचे, मी शेजारी बसून नकाशा बघायचो आणि वाटेत काही बिघडलं की दुरुस्तही करायचो. नंतर ती वीस वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली. गेल्या वर्षी दादांनी ती पुन्हा उभी करायला काढली आणि दिली कुणाला, तर पार मांजरी गावातल्या प्रज्ञेशला. हा आयटीतली नोकरी सोडून जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतो. माझं गॅरेज विश्रांतवाडीला, दादांच्या घरापासून दहा मिनिटांवर. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात.

त्यानंतर दादांच्या तोंडी सतत प्रज्ञेश. प्रज्ञेशनं हुबेहूब रंग मिळवला, प्रज्ञेशनं कंपनीचं मूळ पुस्तक शोधून काढलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. "पुस्तक उशाशी घेऊन झोपत असेल," मी एकदा म्हणालो. दादा हसले नाहीत.

जानेवारीत तो माझ्या गॅरेजवर आला. हातात गंजलेला, वाकडातिकडा पत्रा.

"काका, हा इंजिनाच्या पेट्रोल पंपाजवळ लावलेला होता. पुस्तकात कुठेच नाहीये. ठेवायचा का?"

मी पत्रा लगेच ओळखला. चढावर एक्झॉस्टच्या धगीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. म्हणून मीच तेलाचा डबा कापून तो मध्ये आडवा लावला होता. त्यानंतर गाडी कधी थांबली नाही. हे सगळं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"भंगार आहे. फेकून दे."

"नक्की ना?"

"पुस्तकात नाही ना? मग ओरिजिनल नाही."

तो थँक्यू म्हणून गेला. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

एप्रिलमध्ये दादांनी फोन केला. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, त्यात एकदा शेवटची चालवायची आहे, आधी घाटात बघून येऊ, तू पण चल. मी गेलो. दादा स्टिअरिंगवर, प्रज्ञेश माझ्या जागेवर, मी मागे. अर्ध्या घाटात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

प्रज्ञेश बॉनेट उघडून घामाघूम झाला. कॉइल बघितली, प्लग बघितले. मी मागे बसून मजा बघत होतो. म्हटलं, वाच आता पुस्तक. पण दादाही खाली उतरले होते. मागून ट्रकवाले शिव्या देत होते आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात त्यांना हात जोडत होता. ते बघवेना. मी उतरलो, फडकं भिजवून पंपावर टाकलं. पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली.

प्रज्ञेश पंपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"काका, तो पत्रा याच्यासाठीच होता?"

मी फडकं पिळायला घेतलं. त्यालाच काय ते समजलं. दादांकडे वळून म्हणाला, "सर, माझी चूक. एक पत्रा मी टाकून दिला."

"साईनाथला दाखवला नव्हतास?" दादा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मी तुला बजावलं होतं ना, या गाडीतला खिळासुद्धा त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही म्हणून?"

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. म्हणजे तो आपणहून आला नव्हता. दादांनी पाठवला होता.

प्रज्ञेश खाली बघत म्हणाला, "दाखवला होता."

"मग काळजी नाही. साईनाथनं टाक म्हटलं असेल, तर काहीतरी विचार करूनच म्हटलं असेल." दादा कौतुकानं माझ्याकडे वळले. "सांग त्याला, शिकू दे. काय विचार केला होतास?"

दोघंही थांबले होते. खोटं कारण जुळवणं मला अवघड नव्हतं, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगतोय.

"दादा," मी म्हणालो, "तुमच्या शेजारी तो बसायला लागला, एवढाच."