अर्धा सूर खाली

काउंटरवर मांडलेल्या तीन पाकिटांपैकी मधलं वहिनींनी उचललं, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि पाकीट पुन्हा जागेवर ठेवलं.

"भाचीसाठी हव्यात," त्या म्हणाल्या. विचारलं कुणीच नव्हतं.

काउंटरपलीकडची मुलगी हसली. तिच्या डाव्या हाताची नखं कापलेली होती आणि उजव्या हाताची निळी रंगवलेली, म्हणजे ही नुसती विकणारी नाही, वाजवणारीही आहे, हे वहिनींनी आल्याआल्या ताडलं होतं आणि तेव्हापासून त्या जरा जपूनच बोलत होत्या. नेहमीच्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथला माणूस भला, पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून दोन बस बदलून त्या इतक्या लांब आल्या होत्या.

"काकू, भाची सध्या कुठल्या तारा लावते?"

"अकराच्या."

"बाप रे! दणकट दिसतेय भाची."

"आहेच मुळी," वहिनी सुखावून म्हणाल्या आणि लगेच सावरल्या. "पण हट्टी आहे जरा."

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा संच ओळखला जातो त्यातल्या सगळ्यांत बारीक तारेवरून. अकराचा म्हणजे जाड, दहाचा मधला, नऊचा नाजूक. जाड तारेचा आवाज भरदार, पण ती दाबायला आणि ओढायला बोटांत जोर लागतो. वहिनींनी जन्मभर अकराच्याच तारा वाजवल्या आणि ही गोष्ट कुणापासून लपवूनही ठेवली नाही. नऊच्या तारा लावणारा कुणी भेटला की त्या तोंडावर विचारायच्या, "वाजवताय की दात कोरताय?" आता त्याच तारांची चौकशी करायची म्हणजे भाची हवीच.

"दहाच्या लावून बघितल्या का तिने?"

"बघितल्या. घरी, गुपचूप. बोट दुखतंच." वहिनी थबकल्या. "म्हणजे, तिचं."

मुलीने मान डोलावली आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, हे तिचे उपकारच. मग तिने तिन्ही पाकिटं पुढे ओढली. ही स्टीलची, हिचा आवाज लख्ख, पण थोडा टोचणारा. ही मुलामा दिलेली, घामाने गंजत नाही, खूप टिकते, पण बोटाखाली निसरडी लागते, सवय करावी लागते. आणि ही निकेलची, आवाज मऊ आणि गोल, टिकायला मात्र बेताची.

"हाताला घाम येतो का भाचीच्या?"

"फक्त कार्यक्रमाच्या दिवशी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. "निकेलच्याच दे. टिकतील तेवढ्या टिकतील. आवाज गोल हवा."

"नऊच्या ना? मग एकच विचारते. उजवा हात जड आहे का तिचा? तारा जोरात छेडते?"

"झाडू मारल्यासारखी."

"आणि सूर खाली लावून वाजवते की नेहमीच्या पट्टीत?"

वहिनींनी पर्समधला हात बाहेर काढला. "अर्धा सूर खाली. त्यांच्या गायकाचा गळा गेलाय."

"मग नका नेऊ. नऊच्या तारा खाली उतरवल्या की सैल पडतात. हात जड असेल तर लोळतात नुसत्या, पडद्यांवर आपटून खरखरतात. वरच्या पट्टीत न्या, मग बघा कशा बोलतात!"

वहिनी पाकीट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

गायक म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बँड घरचाच होता. वहिनींची गिटार, नवऱ्याची बेस गिटार, भाऊजींचा गळा आणि ड्रमवर बेकरीवाला. बेकरीवाल्याचं यांच्याशी कसलंच नातं नव्हतं, पण तोही वहिनीच म्हणायचा. एक नवरा सोडला तर सगळं गावच त्यांना वहिनी म्हणायचं.

भाऊजी माणूस हौशी आणि स्वतःच्या आवाजावर मनापासून खूश. बाराही महिने गळ्याला मफलर. थंड पाण्याच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. अशा माणसाने दीड महिन्यापूर्वी तालमीत गळ्याला हात लावून सांगितलं होतं, "आजपासून सगळी गाणी अर्धा सूर खाली घेऊ. मला वरचा सूर लागत नाही." वहिनींना तेव्हा वाईट वाटलं होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही. म्हातारपण आधी कुणाच्या तरी दारात गेलं, आपल्या नाही! त्यानंतर त्यांनी भाऊजींची एक तालीम सुखाची जाऊ दिली नव्हती. "या हो, घोगरे महाराज," अशी सुरुवात व्हायची. भाऊजी हसून ऐकून घ्यायचे. एरवी गळ्यावरून एक शब्द खपवून न घेणारा माणूस!

वहिनींचं बोट मात्र त्याच्याही आधीच बिघडलं होतं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात काड्यांचे चिमुकले स्क्रू फिरवताना ते आखडायचं, स्क्रू टाइल्सवर पडायचे आणि वहिनी गिऱ्हाइकासमोर गुडघ्यांवर बसून ते शोधायच्या. पण खरं हसं झालं ते मागच्या कार्यक्रमात. शेवटच्या गाण्यात भाऊजी वरचा सूर धरून उभे राहतात आणि गिटारची तार खालून ओढत ओढत त्या सुराला जाऊन भिडते. लोक त्याच्यासाठीच थांबलेले असतात. त्या दिवशी बोटाने अर्ध्यात दगा दिला. सूर मध्येच लोंबकळला. भाऊजी श्वास संपेपर्यंत वाट बघत राहिले आणि गिटार काही पोचली नाही. वहिनींनी स्टेजवर हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन नळ सोडून रडल्या.

अलीकडे बोट थोडं हलकं वाटत होतं. रोज सकाळी रबरी चेंडू दाबते त्याचा गुण, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पण त्या एका जागी ते अजूनही अडायचं. येत्या शनिवारी क्लबात कार्यक्रम होता. तिथेही अडलं तर गिटार पेटीत ठेवायची आणि पेटी माळ्यावर, हे वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं. उगाच कुणी दयेने बाजूला करण्यापेक्षा आपण उठलेलं बरं. नऊच्या तारा ही शेवटची आशा होती, आणि त्या नीट वाजायला पट्टी वर हवी. म्हणजे आपलं बोट वाचवायचं तर भाऊजींचा गळा फाडायचा. हे काही बरं नव्हे.

"काय करू काकू? बांधू का?"

"बांध," वहिनी म्हणाल्या. "भाचीचा हात हलका करू आपण."

हात काही हलका झाला नाही. रविवारी दुपारी बेकरीमागच्या पिठाच्या कोठीत तालीम बसली. चारी भिंतींना मैद्याच्या गोणी रचलेल्या असल्यामुळे तिथे आवाज छान बसायचा. वहिनींनी पहिल्याच गाण्याला सवयीने दणकून हात मारला आणि गिटारमधून पत्र्याची पेटी ओढत नेल्यासारखा आवाज आला.

बेकरीवाल्याने काठ्या थांबवल्या. "वहिनी, गिटारमध्ये माशी शिरलीय का?"

"वायर सैल असेल," वहिनी म्हणाल्या.

वायर बदलली. खरखर तशीच. मग त्यांनी अॅम्पला, आवाज वाढवणाऱ्या त्या खोक्याला, दोष दिला. नवरा बेस गळ्यात घेऊन दोन पावलं पुढे आला, तारांकडे वाकून बघितलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. वहिनींची कानशिलं तापली. तिसऱ्यांदा सुरुवात झाली आणि त्यांनी हलक्या हाताने वाजवायचा प्रयत्न केला, तर गिटार ऐकूच येईना.

त्यांनी अॅम्प बंद केला.

"तारा नऊच्या आहेत," त्या म्हणाल्या.

बेकरीवाला खो खो हसला. "नऊच्या! आणि तुम्ही! काहीतरीच काय, वहिनी!"

कुणीच साथ दिली नाही, तेव्हा त्याचं हसू विरलं.

"बोट गेलंय माझं," वहिनी एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "बरेच महिने झाले. जाड तारा ओढवत नाहीत. मागच्या खेपेला जे झालं ते घामाने नव्हतं झालं, मी खोटं सांगितलं. या तारा वरच्या पट्टीत नीट वाजतील, पण भाऊजींचा गळा तसा, त्यांना कशाला छळायचं? तेव्हा शनिवारी शेवटचं गाणं गाळा. नाहीतर दुसरं कुणीतरी बघा. मला राग नाही येणार." मग खरं काय ते आठवून त्या म्हणाल्या, "येईल. पण आला तरी बघा."

बेकरीवाला काठीने पाठ खाजवत राहिला. भाऊजींनी मोठ्या भावाकडे बघितलं. मोठा भाऊ बेसच्या खुंट्यांकडे बघत होता. तसा तो घरातही कमी बोलायचा. लोणी घट्ट झालं की न सांगता बाहेर काढून ठेवायचा, आणि गेले काही महिने बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायचा. त्याने पहिल्या खुंटीला हात घातला आणि सूर वर चढवायला लागला.

"अहो, थांबा ना! त्यांच्या गळ्याचं काय?"

"तू लाव," नवरा म्हणाला.

"एकदा बघू तरी," भाऊजी पुटपुटले. "नाही लागला तर सोडून देऊ."

वहिनींनी नाइलाजाने तारा चढवल्या. एकेक तार ताणली जाताना तिची खरखर गळून पडत गेली, आणि सहावी जुळली तेव्हा नुसत्या अंगठ्याच्या स्पर्शाने गिटार स्वच्छ बोलली. आवाज अकराच्या तारांएवढा भरलेला नव्हता. पण गोल होता, आणि त्यात एक चपळाई होती, ती वहिनींना आवडून गेली आणि आवडली म्हणून थोडा रागही आला.

गाणं सुरू झालं. वहिनींचं अर्धं लक्ष भाऊजींच्या मानेवर होतं. वरचा सूर जवळ आला तसा त्यांचा पाय आपोआप अॅम्पच्या बटणाकडे सरकला. आवाज फाटला तर निदान गिटारच्या गडबडीत झाकता येईल, वायर निघाली म्हणून सांगता येईल. वहिनींनी भाऊजींना कितीही छळलं असलं तरी या माणसाची चारचौघांत फजिती त्यांना बघवली नसती.

भाऊजींनी डोळे मिटले आणि सूर लावला.

तो लागला. अगदी सहज, खणखणीत, मानेवरची एक शीरही न हलता. लागला तो लागला, वर भाऊजींनी त्याला दोन हेलकावेही दिले. दीड महिना उपाशी ठेवलेला माणूस पानावर बसावा तसे ते गात होते, आणि तो मोह त्यांना आवरत नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. कधीच नव्हतं.

पट्टी उतरली की तारा सैल पडतात. जाड तारासुद्धा. बोटाला तेवढाच आराम. म्हणजे गुण त्या रबरी चेंडूचा नव्हे.

वहिनींना एकदम सगळं कळलं आणि त्यांना त्या क्षणी भयंकर लाज वाटली. घोगरे महाराज! दीड महिना हा माणूस गावभर स्वतःचा गळा गेल्याचं सांगत हिंडला, ज्या एका गोष्टीची त्याला मिजास होती ती स्वतःहून खाली ठेवली आणि वर आपली टिंगल ऐकून घेतली. आणि नवऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक असणार. दोघांनी ठरवूनच केलं असणार. रडू येईल असं वाटलं, तर हसू आलं, आणि दोन्हींच्या गडबडीत गिटारची जागा कधी आली ते कळलंच नाही. बोट उशिरा पोचलं. तार मात्र इतकी हलकी की जाड तारेच्या सवयीने ओढल्यावर सुराच्याही पुढे निघून गेली, आणि गाणं कोसळलं.

बेकरीवाला उभाच राहिला होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"अहो, तुमचा गळा तर ठणठणीत आहे! मग दीड महिना आपण—"

नवऱ्याला जोराचा खोकला आला. भाऊजींनी मफलर दोनदा गुंडाळला.

"बरा झाला," ते म्हणाले. "आत्ताच."

वहिनींनी पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. मग डोळ्यांवर नीट बसवून त्यांनी दिराकडे बघितलं. बोलायला बरंच होतं, पण त्यातलं काही बोललं असतं तर भाऊजींना गोणीमागे लपावं लागलं असतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा घेऊ. तो वरचा सूर जरा जास्त वेळ धराल?"

भाऊजींचा चेहरा उजळला. "किती वेळ धरू?"

"धरवेल तेवढा," वहिनी म्हणाल्या. "मी पोचते."