रिता खडक

कार्तिकातली कलती दुपार. निळ्यावर निळा चढलेला समुद्र. काठाशी काळाकभिन्न खडक, आणि खडकावर पिवळ्या झग्यातली सात वर्षांची रेवा. तिच्यामागे उभी ठाकलेली शुभ्रफेनिल लाट, सूर्यतेजानं काठोकाठ भरलेली. सगळं निश्चल, सगळं सुंदर.

सांगलीतल्या एका सभागृहाच्या भिंतीवर ते सौंदर्य उजळलं, आणि पन्नास हौशी छायाचित्रकारांच्या तोंडून एकदम ‘वा!’ निघालं. ते टिपणाऱ्या हेमांगीनं मात्र भिंतीवरून नजर काढून घेतली.

मंडळाचा रिवाज जुना. सुट्टीतला एकच आवडता फोटो दाखवायचा, आणि तो कसा टिपला ते उभं राहून सांगायचं. हातचं काही राखायचं नाही. कुणी वाळवंटातली पहाट सांगून गेलं होतं, कुणी धुक्यात तीन तास ताटकळल्याचं. आता पाळी तिची होती.

दुसऱ्या रांगेत तिचा नवरा निशिकांत बसला होता, मांडीवर रेवा. त्या दुपारी तो खोलीवर झोपलेला. पोरगी डबक्यात घसरली, गुडघे खरचटले, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि रेवाला बजावलेलं होतं, बाबांपाशी खरं काय ते बोलायचं नाही.

हेमांगी बोलू लागली. वेळ सांगितली, प्रकाश सांगितला, नव्या वाइड लेन्सचं कौतुक सांगितलं. त्या लेन्समधून जवळचं दूर दिसतं, मोठं लहान दिसतं, हे मात्र गिळलं. म्हणूनच तर लाट लांबची वाटली होती, लहानशी वाटली होती. एक डोळा मिटलेला, दुसरा चौकटीत गुंतलेला. "हलू नकोस," ती ओरडली होती. "मी सांगेपर्यंत अजिबात हलू नकोस!"

आणि गुणी लेक हलली नव्हती.

त्या क्षणाचं भय ओल्या कपड्यासारखं हेमांगीच्या अंगाला चिकटून होतं. दिवाळी सरली, दिवे विझले, ते वाळलं नाही.

"झकास! जरा मोठा करून बघू," संगणकापाशी बसलेले ताटकेकाका म्हणाले, आणि त्यांचं बोट चुकलं. घाईघाईत हेमांगीनं त्या दुपारचे सगळेच फोटो देऊन टाकले होते. भिंतीवर पुढचा आला.

तोच समुद्र. तोच खडक. खडकावरून ओघळणारा फेस, फेसावर तेच सोनेरी ऊन. पिवळा झगा कुठंच नाही.

तो फोटो पुसायला तिचा हात कधी धजावलाच नव्हता.

निशिकांतनं मांडीवरच्या पोरीला घट्ट कवटाळलं. तरीही भिंतीकडे बघत त्यानं विचारलं, "हेमा, रेवा कुठंय?"

मग तिनं सांगितलं. लाट रेवाच्या अंगावर कोसळली तरी बटणावरचं बोट उठलं नव्हतं, ते सांगितलं. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करणारा म्हातारा कोळी धावला, कपारीत अडकलेल्या रेवाला त्यानं ओढून काढलं, ते सांगितलं. आपण खोटं बोललो, पोरीलाही गप्प बसवलं, तेही सांगितलं. सांगताना ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता हा उठेल, रेवाला घेऊन निघून जाईल, आणि पुन्हा कधी तिला माझ्या हाती देणार नाही, अशी धास्ती तिला वाटत होती.

निशिकांत उठला नाही.

तेव्हा कुठं तिचं लक्ष रेवाकडे गेलं. फोटो भिंतीवर आल्यापासून पोरगी ताठ बसली होती. हात अंगाशी आवळलेले, मान सरळ, पापणीसुद्धा लवत नव्हती.

"आई," ओठ न हलवता रेवानं विचारलं, "आता हलू का?"

"हल, बाळा," हेमांगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "हल गं, हल!"

निशिकांतनं हळूच हात सैल केले. रेवा धावली. प्रोजेक्टरच्या झोतातून धावली, तसा तिच्या फ्रॉकवरून समुद्र सरकला, केसांवरून फेस निथळला. आणि भिंतीवरच्या त्या रित्या, काळ्या, ओल्या खडकावर एक सावली पडली, इवलीशी, धावती, हलती.