कोरं बोट

बिडकीनच्या अलीकडच्या एका गावात बांधाचं भांडण असो की वाटणीचं, कोर्टाची पायरी चढण्याआधी लोक तात्यासाहेबांच्या ओट्यावर येत. तात्या पान जमवत दोन्हीकडचं ऐकत आणि मग निवाडा देत. तो कुणी मोडल्याचं गावाला आठवत नव्हतं. या मानासाठी तात्यांनी एक नेम पाळला होता. तीस वर्षांत त्यांनी मतदान केलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी ते पारावर बसत आणि डाव्या हाताचं बोट वर करून म्हणत, "पंचाचं बोट कोरंच पायजे. शाई लागली की माणूस कुणाचा तरी झाला." गावालाही त्याचं लई कौतुक होतं.

मग ग्रामपंचायतीला त्यांची सून रत्नमाला उभी राहिली. शाळेच्या दारावरून मुरमाचे हायवा, म्हणजे मोठे डंपर, दिवसभर धडधडत जात. ते गावाबाहेरच्या रस्त्यानं वळवायचे, एवढंच तिचं म्हणणं. समोर मोनिका होती, आणि हायवा होते मोनिकाच्या नवऱ्याचे, सत्यमचे. लढत कशासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मतदानाच्या सकाळी रत्नमालेनं चहा पुढं ठेवला. "तात्या, येता का?"

"पोरी, सुनेसाठी नेम मोडला, तर उद्या माझ्या ओट्यावर कोण येईल?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. घरच्या माणसासाठीही ढळलो नाही, हे तात्या पारावर दिवसभर भेटेल त्याला सांगत राहिले.

मोजणी पैठणला झाली. रत्नमालेला एकशे सत्त्याऐंशी, मोनिकाला एकशे सत्त्याऐंशी. फेरमोजणीतही तेच निघालं. निवडणुकीचे साहेब म्हणाले, चिठ्ठी टाकू. ती कुणी काढायची यावर घोळ सुरू झाला, तेव्हा सत्यमच पुढं आला.

"साहेब, आमच्या गावात शाई नसलेलं बोट तात्यासाहेबांचं. त्यांनी काढावी. आमचा भरवसा हाय."

सुनेच्या विरोधातला माणूस सासऱ्यावर भरवसा टाकतो, याहून मोठा मान तो कोणता? तात्यांची छाती फुगली. रत्नमालाही हो म्हणाली. तात्यांनी डोळे मिटून चिठ्ठ्यांच्या बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि स्वतःच उघडली.

"मोनिका," त्यांनी वाचलं. पुढचं आडनाव साहेबांनाच वाचावं लागलं.

बाहेर गुलाल उधळला. परतताना जीपमध्ये तात्या म्हणाले, "नशीब, पोरी. चिठ्ठीपुढं कुणाचं चालतं?"

"चिठ्ठी आज निघाली, तात्या. परवा तुम्ही एक बटण दाबलं असतं, तर चिठ्ठीची पाळीच आली नसती." ती चिडलेली नव्हती, हेच जास्त लागलं. "तुम्ही म्हणता, मत दिलं नाय. दिलंत की. त्यांना दिलंत."

तात्यांनी कोरं बोट मुठीत दडवलं.

सोमवारी त्यांना ओट्यावरून दिसलं, रत्नमाला शाळेच्या दारात लाल फडकं घेऊन उभी होती. ना सदस्य, ना कुणी. हायवा आला की फडकं आडवं धरायची, पोरं पलीकडं गेली की बाजूला व्हायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमले, पण ती हलली नाही. कोऱ्या बोटाचा तेवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, जेवढा त्या क्षणी आपल्या सुनेचा वाटला. आणि त्यासोबत स्वतःची लाजही वाटली.

पुढं जिल्हा परिषदेचं मतदान आलं. सकाळी सातला रांगेत पहिला माणूस तात्यासाहेब. बाहेर आले तेव्हा सत्यमनं त्यांचं बोट पाहिलं.

"तात्या, शाई लागली. आता गावाला पंच कुठून आणायचा?"

"पंच मीच हाय," तात्या म्हणाले. "ऐकताना पंच कुणाचा नसतो. पण ऐकून झाल्यावर बाजू घ्यावीच लागते. नाय तर निवाडा कसला?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला ते रत्नमालेशेजारी जाऊन उभे राहिले. समोरून सत्यमचा हायवा आला. तात्यांनी शाईचं बोट वर केलं, आणि हायवा थांबला.