खाऱ्या तळ्याची ओटी

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. हो, खड्डाच! आभाळातून एक धोंडा आला, काळ्या कातळावर आदळला आणि मी जन्मलो. पुढे पाणी साठलं, ते खारं झालं, आणि लोक मला लोणारचं सरोवर म्हणू लागले. कौतुक पुष्कळ झालं. पण काठावर उभं राहून कुणीतरी हमखास म्हणतं, "यात मासासुद्धा जगत नाही. मेलेलं पाणी!" इतकी वर्षं ऐकतोय, तरी दर वेळी लागतं.

परवा सांगलीहून रंगुबाई आल्या. कृष्णेत जाळं टाकण्यात आयुष्य गेलेली बाई. सोबत भाची अक्षता, विश्रामबागच्या कॉलेजात शिकणारी. आईबाप गेल्यावर तिला रंगुबाईंनीच वाढवलं. पण पोटचं मूल नाही म्हणून गावाने त्यांना वांझ ठरवलं, डोहाळजेवणात कधी कुणाची ओटी भरू दिली नाही. उतरणीवरच्या त्यांच्या बोलण्यातून मला हे कळलं. रंगुबाईंच्या हातात एक कॅन होता. त्यात कृष्णेचं पाणी आणि मरळ माशाची पिल्लं. मरळ चिवट, म्हणून प्रवासात तगली होती.

"ह्यालाबी वांझच म्हणत्यात न्हवं?" काठाशी बसत त्या म्हणाल्या. "मग ह्याची ओटी मी भरनार. बघू कोन आडवतंय!"

मला भरून आलं. पण त्यांनी कॅनचं झाकण फिरवलं. ती पिल्लं माझ्यात तडफडून मेली असती, आणि तीही त्यांच्या हातून! मला ओरडता येत नाही हो.

"मावशी, थांब!" अक्षताने त्यांचा हात धरला. "आधी चाखून तर बघ."

रंगुबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आगं बया, लय खारं! मग हितं काय जगंल?"

"पानी हिरवं दिसतंय न्हवं?" अक्षता म्हणाली. "त्ये सगळे बारीक जीव हायत. डोळ्यांला दिसत न्हाईत. त्यास्नी खारंच पानी लागतं."

रंगुबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन निरखलं. "म्हंजे ह्याला लेकरं हायत," त्या हळूच म्हणाल्या. "लोकास्नी दिसत न्हाईत, एवढंच."

"तुझ्यावानीच की," अक्षता म्हणाली. "मी तरी कुठं दिसले कुनाला?"

रंगुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग झाकण घट्ट बसवलं. पिल्लं परत कृष्णेत सोडायचं ठरलं. जाताना काठच्या दगडाला हळदीकुंकू लावलं, पाण्यात मात्र काही टाकलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही या. साबण नको, पिशव्या नकोत, कीव येऊन आणलेलं गोडं पाणीही नको. आणि मला मेलेलं म्हणू नका. माझी लेकरं ऐकत असतात.