सायमीचा तंबू

सायमीच्या मुलाने तिच्यासाठी तंबू आणला, त्या वर्षी ती एकोणसत्तर वर्षांची होती आणि मी एकाहत्तर. आता मी नव्वदी ओलांडली आहे. बरंच काही गळून गेलं, पण तो हिवाळा मला दिवसांसकट आठवतो. आठवणीबद्दल माझा लौकिकच होता. चर्चमध्ये कुणाच्या आजोबांची कबर कुठे, कुणाच्या लग्नात कुठल्या वर्षी छप्पर गळलं, हे लोक मलाच विचारत.

आमच्याकडे, उत्तरेला मोठ्या सरोवराच्या काठी, पहिला बर्फ ऑक्टोबरात पडतो आणि शेवटचा ढीग मे महिन्यात वितळतो. सायमी आणि मी चाळीस वर्षं शेजारी होतो. घरं तांब्याच्या खाण कंपनीने बांधलेली, एकाच साच्यातली, आणि दोघींचे गाडी आत घेण्याचे रस्ते एकमेकांना लागून. नवरे होते तोवर तेच फावड्याने बर्फ काढत. तीन वर्षांच्या अंतराने दोघेही गेले. मग आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे दोन स्नोब्लोअर घेतले. मागे चालत धरायचं यंत्र ते. पुढची पाती बर्फ ओढून घेतात आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतात. सरोवरावरून वारा सुटला की फेकलेला निम्मा बर्फ परत आपल्याच तोंडावर येतो. पापण्या एकमेकींना चिकटतात, मानेवरून पाणी पाठीत उतरतं.

तरी ती सकाळची वेळ मला दिवसभरात सगळ्यात प्रिय होती. आम्ही दोघी एकदमच सुरू करायचो, निम्म्यात यंत्रं बंद करायचो आणि एका थर्मासमधली कॉफी प्यायचो. कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, कुणाची सून कशी पाव करपवते, सगळं तिथेच कळायचं.

त्या ऑक्टोबरात सायमीचा रॉडनी ग्रीन बेहून साडेतीन तास गाडी चालवत आला आणि गाडीतून नळ्या आणि कापडाचा गठ्ठा काढला. स्नोब्लोअरच्या दांड्यावर त्याने चौकट आवळली, तिच्यावर जाड कापड ताणलं. समोर आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या, वर छत, मागची बाजू उघडी. आत माणूस उभा राहिला की वारा नाही, बर्फ नाही. मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहत होते. त्याने सायमीला आत उभं केलं, गुडघ्यावर बसला आणि खिडकी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईल अशी चौकट दोनदा वरखाली केली.

ते मला लागलं. माझी मुलगी कॅरल दूर ऍरिझोनात. दर नाताळात ती न चुकता ग्रेपफ्रूटची पेटी पाठवायची. फळं चांगली असायची, पण वाऱ्यात ती डोक्यावर धरता येत नाहीत.

"हेल्वी, बघायला ये गं!" सायमीने हाक मारली. मी गेले.

"कसा आहे?"

"छान आहे. संडास फिरायला निघालाय असं वाटतं."

रॉडनी खो खो हसला. सायमीही हसली, पण मग म्हणाली, "तुला हवा तेव्हा घेऊन बघ."

"मला अजून वारा सोसतो," मी म्हटलं आणि घरी आले.

दुपारी रॉडनीने खुणेच्या काठ्या ठोकल्या. जमीन गोठण्याआधी रस्त्याच्या कडेला या काठ्या ठोकाव्या लागतात. नंतर सगळंच पांढरं झालं की कडा कळते ती फक्त त्यांच्या नारिंगी टोकांवरून. दरवर्षी हे काम आम्ही दोघी करायचो. पावलं मी मोजायची, हातोडा ती मारायची. सायमीच्या पायरीच्या कोपऱ्यापासून सात पावलं, त्याच्या पलीकडे एक बोटही नाही. कारण सातच्या पलीकडच्या पट्ट्याखालून तिच्या घराचा पाण्याचा पाइप जातो. आमच्या नवऱ्यांनी तो खणला तेव्हा मी कॉफी घेऊन तिथे उभी होते. बाकी सगळीकडे सात फूट खोल गेले, पण त्या जागी खडक लागला आणि पाइप साडेतीन फुटांवरच राहिला. वर बर्फ जाड असला तर जमिनीला गोधडी मिळते, पाइप गोठत नाही. तो बर्फ काढला की थंडी सरळ खाली उतरते.

रॉडनीने दोरी ताणली, नेटाने काम केलं आणि नऊ पावलांवर काठ्या ठोकल्या. त्याची गाडी रुंद होती ना.

मी दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेरून सायमीचा आवाज आला, "रॉडी, अरे मी राणी झाले की रे!" तंबूत उभी राहून ती हात हलवत होती आणि तो फोटो काढत होता. मी कडी सोडली. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग जमीन गोठली आणि मी स्वतःला सांगितलं, आता काठ्या निघायच्या नाहीत, बोलून काय उपयोग?

नोव्हेंबरपासून सकाळ बदलली. तंबूत तिला थांबायचं कारणच उरलं नाही. मी निम्म्यात यंत्र बंद करून थर्मास वर धरायचे, आणि ती समोर बघत चालत राहायची. आतून काही ऐकू येत नसे, आणि श्वासाने बाजूच्या खिडक्यांवर दहिवर धरलेलं असे. तिला दिसायची ती समोरची नारिंगी टोकं, बस्स. चाळीस मिनिटांत तिचं काम संपायचं. माझं दीड तास चालायचं.

"काय गं, तोंड लाल भोपळ्यासारखं झालंय तुझं," ती तंबूतून बाहेर येत म्हणायची. तिच्या केसावर एक कणही नसायचा.

"माझं निदान तोंड दिसतं. तुझ्या त्या संडासात कोण बसलंय ते गावाला कळत नाही."

"घे ना गं एक दिवस! हट्टी कुठली."

मी घेतला नाही. आणि रोज सकाळी तिचं यंत्र त्या पट्ट्यावरून जाताना मी पाहिलं. तिथली काळी जमीन खरवडून स्वच्छ निघायची. डिसेंबरात अंगावर काटा यायचा, जानेवारीत सवय झाली. असं होतं माणसाचं.

फेब्रुवारीत बर्फ थांबला आणि नुसती थंडी पडली, अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी सायमी रिकामी बादली घेऊन माझ्या दारात आली.

"माझा नळ बंद झालाय. एक थेंब नाही."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मनात आलं, बघू आता तंबू काय करतो. आणि मग तिच्या हातातली बादली दिसली.

पाण्याच्या खात्याचा माणूस आला, त्याने वीज लावून पाइप गरम करून पाहिला. काही झालं नाही. मेपर्यंत वाट बघा म्हणाला. जाता जाता त्याने उघड्या जमिनीकडे बोट केलं आणि विचारलं, "पाइपावरचा बर्फ कशाला काढलात, बाई?"

त्या दिवसापासून सायमी गप्पच झाली. बादल्या न्यायला यायची, तेव्हा "थँक्यू" म्हणायची आणि जायची.

शनिवारी रॉडनी आला. मी वेलदोड्याचा पाव घेऊन गेले, तर स्वयंपाकघरात खोकी पसरली होती आणि सायमी कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हेल्वीमावशी, बरी आलीस," रॉडनी म्हणाला. "आईला नेतोय. आमच्याजवळ एक चांगली जागा आहे, म्हाताऱ्या माणसांची. जेवण, नर्स, सगळं आहे."

"मेपर्यंत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मावशी, पाइप कुठून जातो ते ती विसरली. चाळीस वर्षं इथे राहून. आज पाइप विसरली, उद्या शेगडी विसरेल."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," सायमी कपाकडे बघत म्हणाली. "आधी रस्ते विसरली. मग बूट ओव्हनमध्ये ठेवायला लागली. तीन रात्री मी झोपले नाही, हेल्वी. नातवंडांच्या जन्मतारखा म्हणत पडते. सगळ्या येतात. पण मग पाइप कसा गेला डोक्यातून?"

मी पाव टेबलावर ठेवला. गप्प बसले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं.

"डोक्यातून जायला तो तुझ्या डोक्यात होता कुठे?" मी म्हटलं. "पावलं मी मोजायची. तू काठीवर हातोडा मारायचीस. सात पावलं असायला हवीत. रॉडनीने नऊ घेतली. मी खिडकीतून बघत होते."

रॉडनीचा चेहरा उतरला. "मी...? पण मग तू बोलली का नाहीस?"

"तंबूमुळे."

"आतून ऐकू येत नाही म्हणून?"

"नाही रे बाबा. तंबू तिला मिळाला म्हणून."

सायमीच्या हातातला कप अर्धा गुंडाळलेला तसाच राहिला.

"चार महिने?" ती म्हणाली.

"हो."

"मी रोज त्याच्यावरून जात होते, आणि तू शेजारी उभी राहून बघत होतीस?"

"हो."

"आणि वर मला संडास म्हणत होतीस."

"तुला नाही, तंबूला."

"गप्प बस." मला वाटलं, आता कप माझ्या अंगावर येणार. पण तिने त्याच्यावरचा कागद सोडवला आणि कप टेबलावर आदळला. कानाचा टवका उडाला. "मला वाटलं मी वेडी झाले! ऐकतेस ना? वेडी! आणि ही बाई रोज माझ्या बादल्या भरत होती."

"आई, पाण्याचं काय करणार तू—" रॉडनीने सुरुवात केली.

"पाणी हिच्याकडे आहे ना भरपूर? मेपर्यंत हिच्याकडे राहते. हिला चालेल. नाही चाललं तरी चालेल. ती खोकी आत ने."

"आई, मी पैसे भरून आलोय तिथे."

"मग तू जाऊन राहा!"

त्याच दुपारी रॉडनीने काठ्या जमिनीलगत कापून काढल्या आणि योग्य जागी लावल्या. जमीन दगड झाली होती, म्हणून बर्फाचे छोटे ढीग रचून त्यांत नुसत्या खोचल्या. पावलं मी मोजली. सायमी पायरीवर उभी राहून पाहत होती, आणि मी सात म्हटल्यावर म्हणाली, "परत मोज." मी परत मोजलं.

ती माझ्याकडे राहायला आली, कॅरलच्या खोलीत. पहिले नऊ दिवस ती फक्त "मीठ दे" आणि "दिवा बंद कर" एवढंच बोलली. दोन्ही रस्ते काढायचे मी, असं ठरलं होतं, आणि आधी तिचा. तिचा रस्ता तिच्याच यंत्राने काढायचा आणि तंबू त्याच्यावर, म्हणून मला आत उभं राहावंच लागलं. खरंच ऊब होती आत. मला लाज वाटली, आणि ऊबही आवडली. पाइपावरच्या पट्ट्यावर मी जाणूनबुजून बर्फ फेकायचे, चांगला छातीइतका.

गावभर झालं, अर्थात. रॉडनी बोलला नाही, सायमीच बोलली, चर्चच्या कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर. त्या वसंतात मला कुणीही कुठली कबर कुठे आहे ते विचारलं नाही.

दहाव्या दिवशी तिने माझ्या पावाला नाव ठेवलं. "वेलदोडे मोजून घातलेस वाटतं? की तेही खिडकीतून बघितलेस?" मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा तुकडा वाढला. मग रविवारी रॉडनीचा फोन यायचा, अर्धा अर्धा तास. माझ्याच फोनवर, माझ्याच खुर्चीत बसून ती हसायची, आणि मी भांडी विसळताना मुद्दाम आवाज करायचे. स्वभाव काही एका हिवाळ्यात जात नाही.

मे उजाडला. सायमी रोज सकाळी पलीकडे जाऊन तिच्या नळाची चकली फिरवून यायची. "नाही अजून," म्हणत परत यायची, आणि मी तोंड दुसरीकडे करायचे. कारण मला तो नळ सुरू व्हायला नको होता.

अकरा तारखेला ती परत आली नाही. पाव तास गेला. मी खिडकीशी उभी होते आणि तिच्या स्वयंपाकघरात शेगडीवर किटली चढलेली मला दिसली. त्या नळाचा मला जितका राग आला, तितका तंबूचाही आला नव्हता.

तेवढ्यात तिने खिडकी वर सरकवली. "अगं, काय बघतेस तिथून? कप घेऊन ये! माझे सगळे अजून खोक्यात आहेत!"

मी दोन कप घेऊन गेले. पाणी अजून तांबूस येत होतं आणि कॉफीला गंजाची चव होती. आम्ही तीन-तीन कप प्यायलो.